सोनेरी कार्ड वारसाला मिळत नाही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने वजनकाटे दुरुस्त करणारा, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. नसती तर बरं झालं असतं, पण आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात सगळं पत्नीच्या नावे होतं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या आधी गेली, म्हणून ते रद्द समजावं.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, हे माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावं. विकायचं की ठेवायचं ते तिने ठरवावं. बाहेरच्या खोलीतल्या कपाटामागे भिंतीला ओल आहे. घेणाऱ्यापासून ती लपवू नये. मी सहा वर्षं लपवली, आता कपाटही कुजलं आहे.

२. दुकानातली हत्यारं, छोटा काटा आणि प्रमाण वजनांची पेटी समोरच्या गल्लीतल्या घड्याळजीला द्यावी. त्याने माझा बारीक पेचकस नेला तो अकरा वर्षं झाली परत केलेला नाही, तोही आता त्याचाच. वजनं चिमट्यानेच उचलावीत. बोट लागलं तरी घामाने वजन फिरतं, हे त्याला शंभरदा सांगितलं आहे, एकशे एकावी वेळ इथे लिहून ठेवतो. त्याला द्यायचं असल्यामुळे साक्षीला त्याला घेता आलं नाही, त्याने रुसू नये.

३. साडूला काहीही देऊ नये. कारण लिहितो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारा विसरला.

चौदा वर्षांपूर्वी आम्ही चौघं, म्हणजे साडू, मेव्हणी, ही आणि मी, विमानाने एका लग्नाला निघालो होतो. विमानाला पाच तास उशीर. साडूने खिशातून विमान कंपनीचं सोनेरी कार्ड काढलं आणि मेव्हणीला घेऊन काचेच्या दारामागच्या लाउंजमध्ये निघून गेला. जाताना म्हणाला, "तुम्ही बसा इथेच. आमचं कार्ड दोघांपुरतंच चालतं." दोन तासांनी बाहेर येऊन त्याने कागदी रुमालात गुंडाळलेली चार बिस्किटं आमच्या हातावर ठेवली. हिने खाल्ली. मी खाल्ली नाहीत. माझ्या ती जिव्हारी लागली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आपलंही कार्ड होणार."

ही म्हणाली, "अहो, वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्यांना कार्ड कशाला?"

प्रश्न बरोबर होता. मी नियमांचं पुस्तक मागवलं.

४. माझ्या त्या कार्डाच्या खात्यात आज एक लाख ऐंशी हजार माइल (उड्डाणांमागे कंपनी देते ते गुण) पडून आहेत. ती कोणालाही देता येत नाहीत. खातेदार मेला की खातं बंद, असा नियम आहे. सगळे नियम तोंडपाठ असलेल्या माझ्या नजरेतून हा एक सुटला होता.

ही माइल कशी जमली ते मुलीला नीट माहीत नाही. सोनेरी कार्डाला वर्षाला तीस उड्डाणं लागतात, आणि नवराबायकोची एकत्र धरत नाहीत, ज्याची त्याची वेगळी. साडूकडे दोघांत एक कार्ड होतं, मला दोघांची दोन हवी होती. एकतीस डिसेंबरला काटा पुन्हा शून्यावर येतो. आमच्या कमाईत हे बसवायचं तर एकच युक्ती होती. जिथे थेट विमान दोन तासांत जातं, तिथे स्वस्तातलं आडवळणाचं तिकीट काढून मध्ये एकदा विमान बदलत जायचं. पहाटे निघायचं, जाऊन-येऊन चार विमानं करायची आणि त्याच दिवशी घरी परत. त्या गावांत आम्ही कधी पाऊल टाकलं नाही, फक्त त्यांची विमानतळं पाहिली. याला आम्ही आमच्या भाषेत 'काटा भरायला जाणं' म्हणायचो. पैशासाठी ही दिवसभर लोकांचे पडदे शिवायची, मी रविवारीही दुकान उघडायचो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आम्ही विमान कंपनीच्या अंथरुणावर पसरले.

मजा आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. लाउंजमध्ये एवढं खायचो की घरी चूल पेटवायला लागायची नाही. ही खोल खुर्चीत बसून, चपला काढून, हळूच विचारायची, "अहो, आपण कोण आहोत असं वाटत असेल हो यांना?" तेव्हा ती वीस वर्षांनी लहान दिसायची. त्या चेहऱ्यासाठी मी हे सगळं केलं असं मी स्वतःला सांगत आलो. साडूच्या चेहऱ्यासाठीही केलं.

मुलगी नऊ वर्षांपासून दूरदेशी आहे. तिच्याकडे थेट जाणारं विमान दुसऱ्या कंपनीचं, त्याची उड्डाणं आमच्या खात्यात धरत नाहीत. माइल देऊन आमच्याच कंपनीचं फुकट तिकीट निघालं असतं, पण फुकटचं उड्डाण तिसात धरत नाहीत. ही दर वर्षी म्हणायची, "एकदा पोरीकडे जाऊन येऊ ना." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." माणशी साडेतीनशेच्या वर उड्डाणं झाली. मुलीच्या घरी आम्ही एकदाही गेलो नाही.

५. आता जे मी मुलीपासून लपवलं ते.

दोन वर्षांपूर्वी सव्वीस डिसेंबरला आम्ही चार विमानं करून घरी आलो. दोघांची चार-चार राहिली होती, तिकिटं अठ्ठावीसची. संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, डावी पिंढरी ओढतेय. गरम लागतेय बघा."

मी तिच्याच शिवणाच्या टेपने दोन्ही पिंढऱ्या मोजल्या. डावी दीड इंच जाड होती. जन्मभर लोकांच्या काट्यातला गुंजभर फरक मी पकडला. इथे दीड इंच पाहिला आणि टेप गुंडाळून ठेवली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं का?" तिने विचारलं.

"एकतीस तारीख होऊ दे. चारच तर राहिलीत."

ती म्हणाली, "बरं." तिचा माझ्या मापावर विश्वास होता.

अठ्ठावीसला तिसऱ्या विमानातून उतरताना ती विमानाच्या दाराला जोडलेल्या बोगद्यात मध्येच खाली बसली. "दम लागलाय" एवढंच म्हणाली. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होते. विमानतळाचा डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. त्याने पाय पाहिला आणि मला विचारलं, "हा कधीपासून असा आहे?" मी म्हणालो, "लक्षात नाही." पिंढरीतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, असं नंतर कागदावर आलं. डॉक्टरने बजावलं की हा त्रास रक्ताच्या नात्यात असू शकतो, मुलगी असेल तर तिला सांगा, बाळंतपणात फार जपावं लागतं. मी मान हलवली. मुलीला फोनवर सांगितलं, "हार्ट अटॅक. काही कळायच्या आत गेली."

कागदपत्रांना दोन दिवस लागले. तीस तारखेला त्याच कंपनीच्या विमानाने तिला घरी आणलं, ती खाली सामानाच्या कप्प्यात आणि मी वर. काउंटरवरच्या बाईने डोळे पुसत विचारलं, "काका, कार्ड आहे का तुमचं?" मी काढून दिलं. माझं चौथं उड्डाण भरलं, कार्ड वर्षभर वाढलं. तिचं एका उड्डाणाने गेलं. हे तेव्हा माझ्या मनात आलं होतं, तिथेच, त्या रांगेत. हे लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

६. मागच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले आहेत, सहावा महिना आहे. म्हणाली, "बाबा, डॉक्टर घरातले आजार विचारत होते. आईला हार्टचं होतं एवढंच सांगितलं. बरोबर ना?"

मी म्हणालो, "हो."

"पाय सुजतात जरा. पण सगळ्यांचेच सुजतात म्हणे."

फोन ठेवल्यावर मी हे मृत्युपत्र लिहायला बसलो, निदान मी गेल्यावर तरी तिला खरं कळावं म्हणून. पाचव्या कलमापर्यंत लिहून साक्षीसाठी तळमजल्यावरच्या नर्सबाईकडे नेलं. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, तिने वाचला.

"काका, हे तिला कधी मिळणार?"

"मी गेल्यावर."

"आणि तुम्ही कधी जाणार?"

मी कागदांची घडी घालू लागलो.

"तिची तारीख तीन महिन्यांवर आलीय. तुम्ही काय, हेही साठवून ठेवणार? फोन लावा. सही मी नंतर करते."

मी तिच्यासमोर फोन लावला आणि सगळं सांगितलं, काउंटरसुद्धा. मुलीने मध्ये एकदाच अडवलं.

"तुम्ही मोजली होतीत पिंढरी?"

"हो."

"किती?"

"दीड इंच."

ती म्हणाली, "आईचे कागद पाठवा," आणि फोन ठेवला. नर्सबाईने त्याच दुपारी फोटो काढून पाठवले.

तीन दिवसांनी जावयाचा निरोप आला. तपासणीत तिच्याही डाव्या पायात गुठळी सापडली आहे. रोज इंजेक्शन सुरू झालं आहे. वेळेवर कळलं, बाळ ठीक आहे. शेवटी लिहिलं होतं, 'तिला तुमच्याशी बोलायचं नाही. कृपा करून इकडे येऊ नका.'

७. मी जाणार नाही. घर तरीही मुलीचंच. तिने नाकारलं तर ते तिच्या बाळाच्या नावे करावं. मी मेल्याचं तिला पत्राने कळवावं, फोनने नको, माझ्या घरातून येणारा फोन तिने आता उचलायला नको. तिने येण्याची गरज नाही. मला पोहोचवायला घड्याळजी पुरे आहे. तरीही तिने यायचंच ठरवलं, तर थेट विमानाने यावं, डॉक्टरांना विचारून यावं, आणि विमानात दर तासाला जागेवरून उठून चालावं.

सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली.

मृत्युपत्र करणार: (सही) वजनकाटेवाला

साक्षीदार पहिली: (सही) तळमजल्यावरची नर्स
साक्षीदार दुसरा: (सही) कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, मजकूर न वाचता

स्थळ: तिसरा मजला, स्वयंपाकघर
दिनांक: १९ नोव्हेंबर