सातव्या प्रकरणातली लॉन्ड्री

२ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोज पहाटे पाचला उठायचं. आज सहाला उठलो, पण नियम आजच केला असल्याने तो मोडला असं म्हणता येणार नाही.

नव्या पदाचा पहिला दिवस. वंचित जाती-जमाती विकास महामंडळाचा नियोजनप्रमुख. खालच्या वस्तीतून या खुर्चीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. खुर्ची डावीकडे कलते. दुरुस्तीला सांगितलं.

माझ्या आधीच्या साहेबांनी आयुष्यभर काय केलं, तर शिलाई मशीनं वाटली. ज्यांना पिढ्यानपिढ्या माणसांत बसू दिलं नाही, त्यांच्या हातात एक मशीन द्यायचं, शेजारी उभं राहून फोटो काढायचा, झाला विकास. असली चिल्लर कामं माझ्याकडून होणार नाहीत. मी समग्र आराखडा करणार. सगळ्या जाती, सगळ्या जमाती, शेती, कारखाने, डोंगरातला मध, सगळं एका पुस्तकात. मार्चच्या आत. नाव सुचलंय: ‘उत्थान’. उपशीर्षक नंतर.

६ जानेवारी
हेडक्लार्कने एक फाइल समोर ठेवली. ताईची निघाली.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन फिरल्याचं चारचौघांत सांगते. मोठ्या हॉस्पिटलच्या मागे सिमेंटचा हौद आहे. तिथे ती आणि वस्तीतल्या आणखी दहाजणी रक्ताच्या, घाणीच्या चादरी हाताने धुतात. सोड्याने त्यांच्या बोटांची सालं निघतात. आता एप्रिलपासून हॉस्पिटल हे काम बाहेर देणार आहे. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की मार्चअखेर शेड आणि मशीनं दाखवा, काम तुम्हालाच देते. नाहीतर ठेकेदार दारात उभाच आहे. म्हणून बायकांनी संस्था काढली. ताई अध्यक्ष. मशीनांसाठी आमच्याकडे अर्ज.

हेडक्लार्क म्हणाला की कागद सगळे पूर्ण आहेत, लघुयोजनेत पैसा पडून आहे, साहेबांची सही झाली की पंधरा दिवसांत मशीनं येतील.

सही करणारच होतो. मग विचार केला. लॉन्ड्री? म्हणजे पुन्हा धुणंच? आपल्या लोकांनी इतकी वर्षं दुसऱ्यांची घाण धुतली, आता मशीनमध्ये धुवायची? आणि त्यातून बहीण. पहिल्याच आठवड्यात बहिणीच्या फाइलवर सही केली तर लोक काय म्हणतील. फाइल ड्रॉवरमध्ये ठेवली. नाकारली नाही, हे महत्त्वाचं.

९ जानेवारी
बायकोने विचारलं, ताईंच्या फाइलचं काय झालं. मी तिला दृष्टिकोन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती शिक्षिका असल्याने तिला ऐकून घ्यायची सवय नाही. म्हणाली, सही करायला असा किती दृष्टिकोन लागतो. मी पेपर वाचायला घेतला.

१४ जानेवारी, दुपारी
सुचलं! आंघोळ करताना सुचलं, पण तेव्हा कागद नव्हता.

लॉन्ड्री लघुयोजनेतून काढायची आणि आराखड्यात घालायची. लॉन्ड्री नाही, ‘आधुनिक वस्त्रस्वच्छता संकुल’. प्रत्येक जिल्ह्यात एक. ताईची संस्था म्हणजे पहिलं, आदर्श संकुल. नात्यातल्या माणसाला काही दिलं असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण ते धोरण होईल. प्रकरण सातवं. सहाव्यात मध आहे.

हेडक्लार्कला सांगितलं. तो बराच वेळ फाइलीच्या दोरीशी खेळत बसला. मग म्हणाला, साहेब, इथे सही तयार आहे, तिथे मंजुरीचा पत्ता नाही. या माणसाचं सगळं आयुष्य खालच्या कपाटात गेलंय, त्याला वरचं कपाट कसं दिसणार.

२२ जानेवारी
आराखडा समितीने सातवं प्रकरण समाविष्ट करायला मान्यता दिली. एकमताने. अर्थात समितीचे दोघेच आले होते आणि त्यातले एक चुकून आले होते. तरी एकमत.

पहाटे पाचचा नियम फेब्रुवारीपासून.

३ फेब्रुवारी
कन्सल्टंट नेमला. कॉलर फार कडक. त्याने स्लाइड दाखवल्या: एक बाण वर जातो, त्याच्या टोकाला हसणारी बाई. मी विचारलं, ही बाई कुठली. म्हणाला, विकत मिळते. डोंगरातल्या जमातींच्या प्रकरणासाठी तिकडे जाऊन यायला हवं होतं, पण जीपचं टायर बसलंय. कन्सल्टंट म्हणाला की गरज नाही, त्याच्याकडे डोंगरही आहेत.

१२ फेब्रुवारी
ताई ऑफिसात आली. बाहेरच्या बाकावर किती वेळ बसली होती कोण जाणे, शिपाई सांगायला विसरला. आत बोलावलं, चहा मागवला, पडदा ओढून सगळ्या स्लाइड दाखवल्या. तिने मन लावून पाहिल्या. मी समजावलं की आता तू एकटी नाहीस, प्रत्येक जिल्ह्यात तू आहेस.

तिने सांगितलं की शेड भाड्याने घेतली, दोन रविवार बायकांनी मिळून जमिनीला कोबा केला, पाणी वाहून जावं म्हणून उतार काढला, आणि वायरमनच्या मागे लागून मोठं कनेक्शनही आणलं. मशीनं कुठे ठेवायची त्याच्या खुणासुद्धा खडूने केल्यात. मग म्हणाली, “हे सगळं छान आहे रे. मशीन कधी येईल, तेवढं सांग.”

लवकरच, असं सांगितलं. तारखेचा आग्रह धरणाऱ्या माणसांना नियोजन कळत नाही. पण चहा तिने पूर्ण प्यायला, त्याअर्थी समाधान झालं असावं.

१३ फेब्रुवारी
कोबा करायला बायकोही गेली होती म्हणे! दोन रविवार! मला वाटत होतं ती माहेरी जाते. मी घरी बसून प्रस्तावना लिहीत होतो ते दोन्ही रविवार. प्रस्तावना उत्तम झाली आहे.

२७ फेब्रुवारी
वित्त विभागातल्या बाईंना ऑफिसात सगळे नकारघंटा म्हणतात. मी म्हणत नाही. मी पदाचा मान ठेवतो. नकारघंटेने ताईची फाइल परत पाठवली. शेरा एका ओळीचा: आराखड्यात समाविष्ट झालेली बाब संपूर्ण आराखडा मंजूर होईपर्यंत स्वतंत्रपणे मंजूर करता येणार नाही. आणि संपूर्ण आराखडा मंजूर कधी होणार, असं तोंडी विचारलं तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी चर्चेला घेऊ.

याचा अर्थ काढत बसलो. अर्थ एकच निघतो. घाबरायचं कारण नाही.

२८ फेब्रुवारी
थोडं घाबरायला हवं होतं. ताईची फाइल प्रकरण सातमधून काढून पुन्हा लघुयोजनेत टाका, असं हेडक्लार्कला सांगितलं. तो म्हणाला, ज्या समितीने घातली तिनेच काढायची. समितीची बैठक जूनमध्ये. शिवाय सातवं काढलं तर आठवं सातवं होईल, नववं आठवं, आणि अनुक्रमणिका छापून झाली आहे. सोनेरी अक्षरांत. शाई अजून हाताला लागते.

डॉक्टरीणबाईंना फोन करून दोन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी विचारलं, तोवर पेशंटना चादरी न घालता झोपवू का. या लोकांना बोलायची पद्धत नसते.

१९ मार्च
वर्ष संपत आलं आणि महामंडळाचा पैसा खर्च झालेला नाही. मोठे साहेब फार अस्वस्थ. खर्च झाला नाही तर परत जाणार, आणि परत गेला तर आमची नाचक्की. दुसरीकडे बांधकाम खात्याला स्टेडियमच्या रस्त्यासाठी पैसे कमी पडतायत. मोठ्या साहेबांनी सुचवलं की वर्षअखेरीला एकमेकांना सांभाळून घ्यावं लागतं. फक्त एक टिपण हवं, की हा रस्ता वंचितांच्या विकासासाठी कसा आहे.

मी ताईच्या मशीनांचा विषय काढून पाहिला. साहेब म्हणाले, ते आराखड्यात आहे ना, मग ते सुरक्षित आहे. पटलं.

टिपण मलाच सांगितलं, कारण माझ्यासारखं लिहिणारं ऑफिसात दुसरं कुणी नाही.

२० मार्च
टिपण झालं. स्वतःच सांगू नये, पण चांगलं झालं. ‘रस्ता ही सर्वांची वाट असते, वंचित समाजही त्यावरून चालेल, सबब त्या प्रमाणात हा खर्च त्यांच्यावरीलच समजावा.’ ‘सबब’ शेवटच्या क्षणी सुचलं. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. वस्तीपासून तो रस्ता तसा लांब आहे. पण विकासाकडे माणसाने चालत जायला हवं.

घरी टिपण बायकोला वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा फार आवाज आला.

३१ मार्च
नकारघंटा पुन्हा वाजली. रस्त्याच्या खर्चाला लाभार्थ्यांची नावं जोडा म्हणते. रस्त्याचे लाभार्थी आता कुठून आणायचे? आज शेवटचा दिवस. मोठे साहेब दारातून दर दहा मिनिटांनी डोकावतायत. ऑफिसभर शोधलं, नाव-गाव-फोटोसकट तयार यादी एकच सापडली. सातव्या प्रकरणातली. ताई आणि दहाजणी.

जोडली. खाली सही केली. फक्त कागदोपत्री आहे. संध्याकाळी सगळा पैसा रस्त्याला गेला. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

२ एप्रिल
काम ठेकेदाराला गेलं.

हे बायकोकडून कळलं, ताईने मला सांगितलं नाही. ठेकेदाराने त्याच अकराजणींना रोजाने ठेवलंय, पूर्वीपेक्षा कमी रोज. त्यांची शेडही त्यानेच घेतली, कारण कोबा तयार, उतार तयार. मशीनं आणणार म्हणतो, नंतर. तोपर्यंत हातानेच. खडूच्या खुणांवर त्याने बादल्या मांडल्यात.

वाईट वाटलं. खरंच वाटलं, जेवण गेलं नाही. पण एका अर्थी अकराजणींना वस्तीजवळ रोजगार मिळाला. वार्षिक अहवालात घेता येईल. की नको.

३ एप्रिल
अहवालात घेतलं. मोठ्या साहेबांना यशोगाथा हवी होती आणि दुसरी नव्हती.

२१ एप्रिल
‘उत्थान’ छापून आलं. वजनदार. वासही छान. मुखपृष्ठावर ती विकत मिळणारी बाई. घरी एक प्रत आणली. बायकोने अजून उघडली नाही. मी रोज जागा बदलून ठेवतो.

यंदा मात्र पहिल्या महिन्यातच ताईचं काम करायचं. प्रकरण नाही, समिती नाही, धोरण नाही. साधी लघुयोजना. हा संकल्प मोडायचा नाही.

९ मे
ठेका एका वर्षाचाच आहे. डॉक्टरीणबाई पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार आहेत, म्हणून ताई नवा अर्ज घेऊन आली. मीच निरोप पाठवला होता. बाकावर बसू दिलं नाही, थेट आत आणलं. हेडक्लार्कला म्हटलं, आत्ताच्या आत्ता लघुयोजनेत घाला, मी सही करतो.

तो अर्ज घेऊन गेला आणि तसाच परत आला. म्हणाला, घेता येत नाही साहेब. या अकराही नावांना मागच्या वर्षी लाभ दिल्याची नोंद आहे, आणि एकदा लाभ मिळाला की पाच वर्षं दुसरा देता येत नाही. मी ओरडलोच, कसला लाभ. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याचा, म्हणाला.

नावं काढता येतील का विचारलं. काढली तर रस्त्याचा खर्च बेकायदेशीर ठरतो. टिपण माझं, यादीवर सही माझी. नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. मी काढली नाहीत. पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही, हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

ताईला सांगायचं काम हेडक्लार्कवर टाकणार होतो. तो केव्हाच बाहेर गेला होता.

सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आम्हाला काय मिळालं?”

“रस्ता.”

“कुठला?”

स्टेडियमचा, म्हणालो. ती आठवत राहिली. मग म्हणाली, “तिकडे आमचं कुणी जात नाही रे.”

चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो की पाच वर्षं बघता बघता जातील. हे मी तिला म्हणालो. तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

काहीतरी द्यायलाही हवं होतं. ‘उत्थान’ची प्रत दिली, सातवं प्रकरण उघडून, तिच्या संस्थेचं नाव दाखवून. तिने दोन्ही हातांनी धरून नाव पाहिलं. मग पुस्तक मिटून परत टेबलावर ठेवलं. चांगला कागद आहे, आमचे हात सारखे ओले, खराब होईल, म्हणाली. उशीर झाला की ठेकेदार अर्धा रोज कापतो, म्हणून ती लगेच गेली.