धनको क्रमांक एक

सोनई,
३ मार्च २०२५

सौ. मोनिका हिस पंकजाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. ज्ञानेश्वरीच्या लग्नाचा दिवस ठरला, अक्षय तृतीयेचा, ३० एप्रिल. पत्रिका छापून आल्या की पहिली तुमच्याकडे येईलच. पण हे पत्र त्यासाठी नाही.

शनिवारी पोस्टमनने एक छापील पत्र आणून दिलं. नगरच्या कुठल्याशा कर्ज-सल्ला केंद्राचं. वर मच्छिंद्रचं नाव, खाली तक्ता. तक्त्यात लिहिलंय, धनको क्रमांक एक, सौ. पंकजा वाल्मिक शेटे, बेचाळीस हजार, मासिक हप्ता सातशे. माझ्या खाली एक फायनान्स कंपनी, तिच्या खाली बँक, मग मोबाईलवरून कर्ज देणारे दोघे. मी त्यांच्या रांगेत, आणि तीही सगळ्यांत पुढे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत प्रेसमध्ये त्याची बोटं सापडली, तेव्हा भिशीचे पैसे उचलून मी दवाखान्यात भरले. ते मी कुठेही लिहून ठेवले नाहीत. अंगणवाडीत खिचडीच्या तांदळाचा दाणा न् दाणा लिहिते मी, पण भावाच्या बोटांचे पैसे लिहायचे असतात हे मला माहीत नव्हतं. आता त्यानेच मला सावकारीण करून टाकलं.

तुझा फोन महिनाभर बंद. त्याला केला की लाईनवर आहे ताई, मग करतो, एवढंच. म्हणून कागद घेऊन बसले. किती वर्षांनी पत्र लिहितेय. अहवालासारखं झालं असेल तर हसू नकोस. पण खरं काय ते मला कळव.

राग आहे. लोभही आहेच, तो कुठे जाणार.

तुझी,
पंकजाताई

•

सुपा,
९ मार्च २०२५

ती. ताईंना मोनिकाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र माझ्याच हातात पडलं हे बरं झालं. हे उत्तर मी त्यांना न सांगता लिहिते आहे. आमची खोली एक आणि मधली भिंत पत्र्याची. फोनवर बोललेलं तिकडच्यांना आधी ऐकू जातं, म्हणून पत्रच बरं.

माझा मोबाईल बंद करून ज्वारीच्या डब्यात ठेवला आहे. मोबाईलवरून कर्ज घेताना कर्जवाल्यांनी माझ्या फोनमधले सगळे नंबर उचलले होते. हप्ता थकला तसे त्या नंबरांवर फोन सुरू झाले. खर्ड्याच्या माझ्या मामांना एकाने विचारलं की भाचीला चोरी शिकवली कुणी. त्या दिवशी फोन डब्यात गेला. तुमच्याकडेही आला असेल एखादा.

हे सगळं एका दिवसात झालं नाही, ताई. बोटांनंतर त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला लावलं, तिथे ओव्हरटाईम नाही. पगार कमी आला की एक हप्ता भरायला दुसरीकडून घ्यायचं, दुसरा भरायला तिसरीकडून. मोजायची भीती वाटायची म्हणून मोजलंच नाही. जानेवारीत त्यांनी जेवण कमी केलं, तेव्हा मी हट्टाने त्यांना नगरला त्या केंद्रात घेऊन गेले. तिथल्या सुमेधा मॅडमनी चार तास बसून सगळं कागदावर मांडलं. चार लाखांच्या वर निघालं. मग त्या बँकेशी, कंपन्यांशी बोलल्या, हप्ते लहान करून घेतले. आता महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, पाच वर्षं. अट एकच, मधे कुठेही नवं कर्ज काढायचं नाही. काढलं तर योजना मोडली, आणि सगळे पुन्हा दारात.

तुमचं नाव मॅडमनी घातलेलं नाही. त्या म्हणाल्या की नातेवाइकांचं नंतर बघू. पण हे अडून बसले, आधी ताईचं लिहा, पहिलं लिहा, न्हाईतर मी सही करत न्हाई. मॅडमनी तसं लिहिलं. तुम्हाला ते रांगेत उभं केल्यासारखं वाटलं. मी शेजारी बसले होते, मला तसं वाटलं नाही.

दर दुसऱ्या शनिवारी केंद्रात योजनेतली माणसं एकत्र बसतात. आमच्यात एक बनुबाई आहेत, त्यांची पिठाची गिरणी आहे. वसुलीवाल्याचा फोन आला की त्या फोन चालू गिरणीशेजारी ठेवतात आणि म्हणतात, बोल बाबा, दळण हुईस्तोवर बोल. किती महिन्यांनी हे हसले त्या दिवशी.

ताई, तुम्ही सातशे घेत जा. तेवढं करा. चुकलं असेल ते पोटात घाला आणि जीव आहे तसाच लावा.

तुमची,
मोनिका

•

सोनई,
२० मार्च २०२५

सौ. मोनिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मागच्या अंगणात बसून वाचलं आणि आमच्या घरच्यांपुढे ठेवलं. ते म्हणाले, दोन फोन आले होते, जानेवारीत. मला सांगितलं नाही, तुझं माहेर आहे म्हणून, असं म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. बावीस वर्षांत मी या माणसाला घुमा म्हणत आले. त्या संध्याकाळी न मागता त्यांना दुसरा चहा दिला.

तू सोसलंस ते कळलं. आधी सांगितलं असतंस तर, असं लिहिणार होते, पण आधी तरी मी ऐकलं असतं की नाही कुणास ठाऊक.

मात्र पैसे मी घेणार नाही. पासबुक भरून आणलं तर खरंच सातशे जमा. ती ओळ बघवेना. काढून आणले आणि या पाकिटात घातले आहेत. त्याला म्हणावं, बहिणीचं देणं माफ असतं.

आणि लग्नाला मामाने मामासारखं यायचं हं. व्याही मोठे आहेत, त्यांची माणसं बघणार. फार काही नको, ज्ञानेश्वरीची साडी, जावयाचा पोशाख, आणि मांडवात दिसेल असं एखादं भांडं. तुम्ही वास्तुशांतीला दिलेलं चांदीचं ताम्हन मी अजून जावांना दाखवते. माझा भाऊ काय आहे ते त्यांना कळलेलं आहे, तेवढं राखा.

उन्हाळा लागला आहे, पाणी उकळून प्या. जीव आहेच, तो लिहून का दाखवायचा.

तुझी,
पंकजाताई

•

सुपा,
३० मार्च २०२५, पाडवा

ती. ताईंना नमस्कार. वि. वि.

सणाच्या दिवशी असं पत्र लिहू नये, पण माझ्यापाशी दुसरा दिवस नाही. पोस्टाने वेळेत पोचणार नाही म्हणून उद्या पुण्याच्या गाडीच्या छगन ड्रायव्हरकडे देते आहे. ते मुक्कामाला सोनईतच असतात.

तुमचं पाकीट या वेळी ह्यांच्या हातात पडलं. सातशेच्या नोटा त्यांनी दोनदा मोजल्या. नोटा पुन्हा पाकिटात घातल्या आणि पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं. रात्री जेवले नाहीत. मग म्हणाले, ताईला माझा हप्ता चालत न्हाई, म्हंजे तिनं मला भिकारी ठरवलं. आता आहेर तरी असा नेतो की मांडव बघंल.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या सुनीलभाऊंना जामीन करून इथल्या एका पतसंस्थेत अर्ज भरून आले. साठ हजारांचा. गुरुवारी, ३ तारखेला, दुपारी सही आहे. मी मॅडमचं नाव काढलं तर म्हणाले की मॅडमला भाची हाय का. मी पाया पडले, ताई. पाय बाजूला घेतले. योजनेचा एकच महिना भरलाय. ही सही झाली की सगळं मोडलं, आणि या वेळी ते परत उभे राहतील असं मला वाटत नाही.

अजून एक सांगायचं आहे. तीन वर्षं पोटात ठेवलं. मोबाईलवरचं पहिलं कर्ज माझं होतं, अठरा हजारांचं. त्यातून ते चांदीचं ताम्हन आलं. तुम्ही आधी फोनवर म्हणाला होतात की जावांच्या भावांनी काय काय आणलंय, बघू माझा भाऊ काय आणतो. तुम्ही थट्टाच केली होती. मला ती थट्टा कळली नाही.

दोष देत नाही. पण त्यांना अडवायचं तर तुम्हीच. माझं ते ऐकत नाहीत.

तुमची,
मोनिका

•

सोनई,
२ एप्रिल २०२५

चि. मच्छिंद्र यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

मोनिकाने मला लिहिलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. काल संध्याकाळी पत्र पोचलं. रात्रभर विचार केला आणि पहाटे हे लिहिते आहे, सातच्या गाडीने छगन नेतील. फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू हं हं करशील आणि ठेवून देशील. कागदाला हं म्हणता येत नाही. दोनदा वाच.

ताम्हन शोकेसमधून काढलं. हातात घेऊन बसले होते. तीन वर्षं मी तुझं कर्ज जावांना दाखवत होते, मच्छिंद्र, आणि मला अभिमान वाटत होता. विकून पैसे पाठवावेत असं मनात आलं. पण सातशेच्या नोटांनी तुझं काय झालं ते कळलंय, म्हणून ते पुन्हा करत नाही. ते आता देवघरात ठेवलं आहे, दाखवायला नाही.

पैसे परत पाठवले ही माझी चूक. मला वाटलं मी मोठं मन करते आहे. तुझं मन किती लहान होईल हे मला दिसलं नाही. लहानपणी तू माझी पाटीवरची पेन्सिल मागून घ्यायचास आणि खाऊन टाकायचास. आई ओरडली की मी म्हणायचे की मीच दिली खायला. तशीच सवय लागली मला, तुझं सगळं माफ करून टाकायची. तू मात्र मोठा झालास.

आता नीट ऐक. बहीण म्हणून सांगितलं तर तू ऐकणार नाहीस, आजवर कधी ऐकलंस? पण तूच मला छापील कागदावर धनको केलंयस, आणि तेही क्रमांक एक. तेव्हा ही धनकोची नोटीस समज. माझे बेचाळीस हजार फिटेपर्यंत तू कुठेही नवं कर्ज काढायचं नाहीस. काढलंस तर माझे पैसे बुडतील, आणि ते मला चालणार नाही. परत आलेले सातशे पुन्हा भर. या महिन्याचे वेगळे. मी पावती देईन.

आहेर एवढाच आणायचा, मामाची पिवळी साडी. सुती, सहाशेच्या आत. जास्तीची आणलीस तर दारातून परत पाठवीन. आणि मंगलाष्टकांना ज्ञानेश्वरीच्या पाठीशी उभं राहायचं. ती काल विचारत होती की मामा फोटोत हात मागे का ठेवतो. त्या दोन वाकड्या बोटांचा हात तिच्या खांद्यावर ठेव. कोण काय बघतंय ते मी बघते.

तुझी,
ताई

•

सुपा,
४ एप्रिल २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायला जमत न्हाई, मोनिका शुद्धलेखन बघणार म्हणते. बघू दे.

छगनमामा बुधवारी गाडी घेऊन गेले तेव्हा मी कामावर होतो. काल परतीच्या गाडीला स्टँडवर भेटले. मी आणि सुनील पतसंस्थेतच निघालो होतो. सिमेंटच्या बाकावर बसून वाचलं. सुनील घाई करत होता, साहेब तीनला उठतात म्हणून. मी दुसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा त्यानं विचारलं की कुणाचं आहे. मी सांगितलं, धनकोची नोटीस आली. तो म्हणाला, धनको लई कडक दिसतोय. म्हटलं, थोरली हाय.

मग त्याला चहा पाजला आणि आत जाऊन अर्ज फाडून आलो. साहेब चिडले. चिडू दे.

घरी आलो तर मोनिका दारातच उभी, माझ्या हाताकडं बघत होती, कागद आहेत का म्हणून. तुझंच पत्र होतं हातात. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

रात्री ज्वारीच्या डब्यातून फोन काढला. भुसा झटकला, चालू केला. पाच मिनटांत वाजला. मोनिका म्हणाली, बनुबाईंच्या गिरणीवर नेऊ. म्हटलं, राहू दे, मी बोलतो. नाव सांगितलं, योजना सांगितली, मॅडमचा नंबर दिला. तो माणूस आवाज चढवून बोलला. मी न्हाई चढवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो आवाज पोराचा निघाला.

आज तुझ्या खात्यात चौदाशे भरले. साडी मोनिका उद्या आणणार, पाचशे साठची बघून ठेवलीय. ३० तारखेला हात पुढं ठेवतो.

तू रागावलीस तर धनको, न्हाईतर ताई. दोन्ही राहा.

तुझा ऋणको,
मच्छिंद्र

•

सोनई,
१० एप्रिल २०२५

पावती

चि. मच्छिंद्र याजकडून हप्ते दोन, रुपये चौदाशे, पोचले. पासबुकात ओळ बघून आले. या वेळी बघवली.

बाकी रुपये चाळीस हजार सहाशे. दर महिन्याला पावती देणं आलं, म्हणजे पत्र लिहिणं आलं. मला घाई नाही.

पाटीवरच्या पेन्सिली यात धरलेल्या नाहीत.

पंकजा वाल्मिक शेटे
धनको क्र. १