पाचवी ओळ

७ जानेवारी १९३६, बेळगाव
वाचनालयाच्या फळ्यावर आज माझी लिमेरिक, पाच ओळींची थट्टेची कविता. रीत इंग्रजीच: पहिल्या ओळीत माणूस आणि गाव, पहिली, दुसरी, पाचवी यमकात, मधल्या दोन आखूड. चार ओळी माझ्या, पाचवी वाचकांनी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. माणूस मनातला.

खासबागचा विणकर एक होता तिरसट भारी,
मागावरच्या ताण्याशी तो भांडे रोज दुपारी;
सून म्हणाली, "मामा,
लागा की हो कामा!"

१२ जाने.
चिठ्ठ्या अकरा. दहा पोरकट. एक जांभळ्या शाईतली, बिननावाची:

बोलला नाही त्यानंतर तो, बसून राही दारी.

यमक चोख, पण हसू येईना. तरी तीच लावली.

२० जाने.
ग्रंथपाल बाबूराव: "मास्तर, तुमचा त्यो खासबागचा म्हातारा खरंच हाय की! वाचा गेलीया. दारात बसून असतोय."
बाबूरावांना पराचा कावळा करायची हौसच. नवा माणूस सुचेना, म्हणून थोरल्या भावाचीच थट्टा लावली:

बेळगुंदीच्या आप्पाचा एक बैल वाटेत रुसला,
आप्पाही मग जू टाकून त्याच्याशेजारी बसला;
बैल म्हणे, "मी थकलो,"
आप्पा म्हणे, "मी पिकलो,"

२३ जाने.
राहवेना. खासबागला गेलो. म्हातारा दारातच. सून म्हणाली, "मामा, लागा की कामाला, एवढंच म्हटलं हो. तवाधरनं गप्प."
आप्पाच्या ओळी आठवल्या. तडक वाचनालय. पेटीत एकच चिठ्ठी, जांभळी:

उजाडल्यावर पाहिले तेव्हा एकटा बैलच बसला.

फाडली. चार ओळी पुसायला हात धजेना; आप्पाच पुसला गेला तर? अर्धवट ठेवल्या तर पाचवी कोणीही लिहील. रीत मोडून मीच लिहिली:

आणि घरी तो आल्यावरती पोटभर नुसता हसला.

जिवात जीव आला.

२५ जाने.
वहिनी आप्पाला घेऊन आल्या. परवा बैल वाटेत बसला म्हणे. आप्पा एकटाच चालत घरी आला, हसत. "भावजी, तवाधरनं असंच. घास तोंडात असला तरी हसत्यात. डोळ्यांत पाणी येतंय, पण थांबत न्हाईत. तुमी शिकलेले, काय तरी करा की."
डॉक्टरांनी हात टेकले. आप्पा मला ओळखतो, हात सोडत नाही. हे मीच केलं. कोणाला सांगू?

२६ जाने.
लिमेरिकला सहावी ओळ नसते. तरी सकाळी वाचनालयात जाऊन पाचवीखाली 'मग' एवढं लिहून आलो. पुढचं सुचत नाही. ओसरीवर आप्पा हसतोय.