उजव्या हाताची जागा

प्रिय ठमाबाई,

पोचल्याचा निरोप मिळाला. मी बरा आहे, जेवतो वेळेवर. आईला जाऊन महिना होत आला, तरी चहा अजून दोघांचाच टाकला जातो. मग दोन्ही कप मीच पितो आणि दिवसभर पित्ताच्या नावाने बोंबलतो.

परवा पियानोजवळची ती काळी पेटी, भरलेले सूर आपोआप वाजवणारा आईचा सिक्वेन्सर, आवरायला घेतली. आईच्या पियानोच्या शिकवण्या बंद झाल्यावर ती माळ्यावर गेली होती. आईचा उजवा हात लुळा पडला, तू तडकाफडकी निघून गेलीस, त्यानंतर मीच ती खाली काढली. म्हटलं, उजव्या हाताचं पेटी वाजवेल, डाव्या हाताचं तुझी आई. पियानोच्या मिडी फायली मिळतात. त्यांत आवाज नसतो, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबायची एवढंच असतं. पण आपली पेटी पडली जुनी, ती दोन्ही हात एकातच कालवायची. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस मी, मला काय कळतंय त्यातलं! शेवटी कॉम्प्युटरवर दोन्ही हात वेगळे केले, डावा पुसला आणि उजवा तेवढा पेटीत भरला. पहिल्यांदा चुकून उजवाच पुसला, तर आई ठसका लागेपर्यंत हसली. आजारानंतर तशी हसलेली ती पहिलीच वेळ.

मग रोज वाजवायची. बहुतेक तोच संथ वॉल्ट्झ, तू शाळेत असताना तुझ्याकडून घोटून घेतलेला. पण एका जागी हमखास मागे पडायची. मी पेटीची लय कमी केली, आणखी कमी केली, तरी तिथेच. मी चिडून म्हणायचो, अगं, पेटी काय तुझ्यासाठी थांबणार आहे? ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला वाटलं, आता डावा हातही चालला. डॉक्टरांनाही तसं सांगून आलो.

तू निघून गेलीस त्या दिवशी तिच्या उजव्या बाजूला वाजवायला बसलीस आणि ती फटकन बोलली, "माझ्या जागी बसायची एवढी घाई झालीय?" ते तू मनाला लावून घेतलंस. त्यानंतर पट्टीला बोट लावलं नाहीस. या खेपेलाही पियानोला वळसा घालून जात होतीस, मला बघवत नव्हतं. तिचं चुकलंच, बाळा. हात गेल्याचा राग तिने तुझ्यावर काढला. नंतर कितीदा फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. हट्टी बाई.

तर परवा पेटीत तिचं वाजवणं सापडलं. शिकवणीच्या मुलांच्या चुका त्यांना ऐकवायला ती रेकॉर्डचं बटण दाबायची, ती सवय काही सुटली नव्हती. मी पेटीचा उजवा हात बंद केला आणि नुसता तिचा डावा ऐकला. त्या जागी ती अडखळत नाही गं. शांतपणे थांबते आणि पुढे जाते. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तिथे उजव्या हाताला लांबची उडी आहे. तुझी बोटं इवलीशी, पोचायला वेळ लागायचा, आणि शेजारी डावा हात वाजवणारी आई तुझी वाट बघायची. म्हणजे ती पेटीबरोबर वाजवतच नव्हती. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

फाइल सोबत पाठवतोय. डावा हात तिचा आहे, उजव्याची जागा रिकामी ठेवली आहे. जमेल तेव्हा बस वाजवायला. बोटं अडली तर अडू देत, ती थांबते तिथे.

दोन कप चहा पिणारा,
तुझाच,
बाबा