जयाची खूण

कल्याण, मार्गशीर्ष वद्य ४, शके १८०४

चिरंजीव हरिहर यास कल्याणहून ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू जयाला ठाण्याला घेऊन गेलास तेव्हापासून घर मोकळे मोकळे झाले आहे. दुपारी ओटीवर बसते. खाडीतून शीड फुगवून एखादे गलबत निघाले की हात आपोआप उचलतो, तिला दाखवायला. मग आठवते, दाखवायचे कोणाला. बाळंतपणात तिची आई गेली, तेव्हापासून माझ्याच कुशीत होती ना रे. असो. तुझा संसार पुन्हा उभा राहिला, मुलीला आई मिळाली, याहून काय हवे.

तू लिहितोस, पोर दीड वर्षाची झाली तरी एक अक्षर बोलत नाही, मुकी तर नाही? अरे वेड्या, ती दिवसभर बोलते, फक्त तोंडाने नाही. यंदा चातुर्मासात मी दिवेलागणीपर्यंत मौन धरले होते. सबंध पावसाळा आम्ही दोघी हातांनीच बोललो. तिला वाटले असेल, माणसे अशीच बोलतात.

नव्या वहिनीला नीट समजावून सांग. कान ओढू लागली की झोप आली. बोटावर फुंकर घातली की भात हवा, कारण मी भात निववून भरवत असे. दोन्ही तळवे उलटे केले म्हणजे पुरे, आता एक घासही नको. तळहात पालथा करून हळूहळू हलवला म्हणजे पाणी. पण ते पिण्याचे नव्हे. मला पाण्याकाठी न्या, असे म्हणते. तुमच्या ठाण्यात तलावांना काय तोटा, नेत जा.

तिच्या बोरन्हाणाला ये म्हणतोस, तुझी माया कळते. पण सवाष्णींच्या मेळ्यात आलवण नेसलेल्या विधवेचे काय काम? नव्या संसाराच्या पहिल्या सणावर माझी सावली नको. जया चार दिवसांत मला विसरेल. लहान मुलांचे तसेच असते, आणि तेच बरे. पत्र टाकीत जा, तेवढ्यावर मी जगते.

तुझी ताई,
कलावती

ठाणे, पौष शुद्ध ६

तीर्थरूप गंगाभागीरथी ताईचे सेवेसी बालक हरिहरचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र मंडळींना, म्हणजे तुझ्या नव्या वहिनीला, वाचून दाखवले, त्यांना ते पाठच झाले आहे. कान ओढला की पाळणा, फुंकर आली की भात. मी कचेरीतून आलो की जया तळहात हलवते आणि आम्ही तलावावर जातो. पाणी निवांत असते, बगळे उतरतात, ती हाताने काहीबाही सांगत असते आणि मी हाताने हो हो म्हणतो. मला आता बोलण्याचाच कंटाळा येऊ लागला आहे. परवा हेडक्लार्कांनी आणखी काम पुढे केले तर मी दोन्ही तळवे उलटे करून दाखवले. ते बघतच राहिले.

पण ताई, एक खूण आम्हाला उलगडत नाही. हाती लागेल ते फडके ती डोक्यावरून कपाळापर्यंत ओढते, तळहाताने कपाळ पुसते आणि दाराकडे बघत बसते. आधी वाटले, नवरी-नवरी खेळते. मंडळी हौसेने कुंकू लावीत, ती ते पुसून टाकी. आम्ही हसत होतो.

बोरन्हाणाला मात्र हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नाही. काळे झबले, हलव्याचे दागिने, घरभर सवाष्णी. पहिलीने कुंकू लावले मात्र, जयाने ते सगळ्यांदेखत पुसले, पाटावरचे फडके डोक्यावर ओढले आणि दाराकडे बघून जी रडू लागली ती आवरेना. बोरे तशीच सुपात राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या की मुलीच्या जातीने कपाळ पुसावे हे लक्षण बरे नव्हे, शांती करून घ्या. मंडळी तर पार धास्तावल्या आहेत. आपल्या कुंकवावर काही येणार या भीतीने धड जेवतही नाहीत. भटजींना मी पौर्णिमेचे सांगून ठेवले आहे. त्याआधी तुला विचारतो, तिकडे ती असे कधी करी काय? उत्तराची वाट पाहतो, कृपालोभ आहेच.

हरिहर

कल्याण, पौष शुद्ध ८

चि. हरिहर यास आशीर्वाद.

शांती करू नका. भटजींना आजच नको म्हणून सांग.

ही खूण मी तुला लिहिली नाही, कारण मी ती कधी पाहिलीच नाही. इथे तिला ती करायची गरज काय होती? मी समोरच असे. अरे, डोक्यावरून कपाळापर्यंत पदर आणि खाली कुंकवावाचून कपाळ, अशी बाई त्या पोरीने जवळून एकच पाहिली आहे. ती मला हाक मारते आहे, हरिहर.

फार रडले, खोटे कशाला सांगू. ज्या कपाळामुळे मी सणावारी माजघरात बसते, त्यानेच तिने मला ओळखावे. वहिनीला सांग, तिच्या कुंकवाला काही होत नाही. देवाने ते अखंड ठेवावे.

मी येत नाही. तुमच्या घरात आता कुठे हसू आले आहे. फडकी तेवढी उंच खुंटीवर ठेवीत जा, तिच्या हाती लागू देऊ नका. म्हणजे हळूहळू विसरेल. माझी काळजी करू नये.

ताई

ठाणे, पौष शुद्ध ११

ती. गं. भा. ताईस सा. न.

कार्डावर जागा थोडी, म्हणून मुद्द्याचे लिहितो. तुझे पत्र मंडळींना वाचून दाखवले. त्या उठल्या, खुंटीवरचे फडके स्वतः काढून जयाच्या डोक्यावर घातले, आपल्या हाताने तिचे कपाळ पुसले आणि दाराकडे बोट करून मान हलवली. जया त्यांच्याकडे बघतच राहिली, मग त्यांच्या गळ्यातच पडली. इतक्या दिवसांत प्रथमच.

मग मला म्हणाल्या, आम्ही दोघींनी किती वेळ हाक मारत बसायचे? तुला निरोप दिला आहे की वन्सं, हाक आली की ओ द्यावी लागते. आणि पुढच्या संक्रांतीला जयाला मांडीवर घेऊन पाटावर तुम्हीच बसायचे. काकूंना काय सांगायचे ते त्या सांगणार आहेत.

शांतीचे साहित्य आलेलेच होते, त्यातल्या रव्यातुपाचा शिरा करू. पौर्णिमेला सकाळच्या गाडीने न्यायला येतो, बोचके बांधून ठेव. पुढल्या चातुर्मासात मौन धरायचे तर खुशाल धर, आमच्या घरी आता सगळ्यांना हातांनी बोलता येते. कागदावर लोभ मागत नाही, तूच ये.

हरिहर