जटेवरचा अभ्रा

उल्हासनगर, मंगळवार, १५ मार्च १९८८

सुटले एकदाची! आमच्या वॉर्डातल्या पार्वतीमावशींचं पिशवीचं ऑपरेशन नीट पार पडलं. सकाळपासून मला काळजी होती, पण ती ऑपरेशनची नव्हे, त्यांच्या जटेची. मनगटाएवढी जाड, पार कमरेपर्यंत. डॉक्टर आल्या आल्या भडकले, "सिस्टर, ये काटो. सिर सीधा नहीं रहता, मास्क कैसे बैठेगा?" मावशींचा नवरा चामटोलीहून आलेला, दारातच हात जोडून उभा. "देवीची जट हाय, बाई. कातरी लावाल तर घरावर कोप व्हईल."

मी मध्ये कशाला पडले, कुणास ठाऊक! जट उशीच्या अभ्र्यात कोंबली, तोंड बांधून बाजूला घेतली, मानेखाली टॉवेलची घडी दिली. मास्क बसला. तरी शेवटचा टाका पडेपर्यंत माझी नजर त्या अभ्र्यावरच.

संध्याकाळी मावशी चांगल्या शुद्धीवर आल्या. हात पोटाकडे नाही, थेट डोक्याकडे गेला. मी अभ्रा सोडून दाखवला. "आहे हो जाग्यावर, काळजी नको."

नवरा बाहेर गेलाय हे बघून त्या हळूच म्हणाल्या, "कापायची व्हती गं बाय! मान लय दुखते. देवीला सांगितलं असतं, मी बेसुद व्हते."