अडुसष्ट किलोचा माणूस

ती. दादांस,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तितका वाकून). तुमचा रक्तदाब, वहिनींची पाठ आणि दारातलं ते चिडकं कुत्रं, ही तिन्ही मंडळी ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे. तुमची बहीण दोन्ही वेळ नीट जेवते, हसते (बहुतेक वेळा मला), आणि गुडघे सोडले तर तिची कसलीच तक्रार नाही. गुडघ्यांबद्दल तुम्हाला आजवर कळवलं नाही, कारण तिनं मला शपथ घातली होती. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून सांगतो. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती सलग सात महिने तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, जिना वर्ज्य. आणि आमच्या इमारतीत जिन्याखेरीज काहीच नाही, हे तुम्हाला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे.

त्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेतलं होतंत ते आठवत असेल. तुम्ही आपल्या लिफ्टच्या कंपनीत ब्रेकचे मिस्त्री, मी दारांना तेलपाणी करणारा हेल्पर. तुम्ही म्हणालात, बहिणीला तिसऱ्या मजल्यावर नेतोयस आणि इमारतीला लिफ्ट नाही. मी छाती पुढे काढून शब्द दिला की वर्षाच्या आत बसवतो. त्याला चौतीस वर्षं झाली. या काळात मी गावभरच्या बँका, दवाखाने आणि हॉटेलं वर-खाली केली, परक्या माणसांना बाराव्या मजल्यावर अलगद पोचवलं, आणि संध्याकाळी घरी येऊन बेचाळीस पायऱ्या चढून धापा टाकत चहा मागितला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इमारतीच्या सेक्रेटरींकडे अर्ज केले, पण तळमजल्यावर राहणाऱ्या सेक्रेटरींना लिफ्टची निकड पटवणं म्हणजे टकल्याला कंगव्याचं महत्त्व सांगणं.

आता मूळ मुद्दा. निवृत्तीनंतर मी एका शिबिराला जाऊन आलो. निसर्गाच्या कलानं कसं जगावं, हे तिथं एक दाढीवाले सर शिकवत होते. त्यांचं पहिलंच सूत्र असं, की ऊर्जा येते तेव्हा पकडा, साठवून ठेवा आणि लागेल तेव्हा वापरा. ऊन, वारा, पाऊस, पालापाचोळा, सगळी ऊर्जाच, आणि आपण ती करंट्यासारखी वाया घालवतो. मी घरी आलो तो अर्धा दाढीवाला होऊन. पहिल्या आठवड्यात गच्चीवर आरशांची सूर्यचूल मांडली. तिच्यात भात सकाळी ठेवला की संध्याकाळपर्यंत कोमट होत असे, पण समोरच्या इमारतीतल्या शिक्षकांना मात्र खिडकीशी बसल्याबसल्या भाजत असे. ते काळा चष्मा लावून भांडायला आले. मग आरसे उतरवले आणि परसात पाल्याचा ढीग रचून त्यात नळी गुंडाळली, ढिगाच्या आतल्या उबेनं अंघोळीचं पाणी तापावं म्हणून. पाणी खरंच तापलं. पण ते परसात तापलं आणि अंघोळ तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे बादली वर नेईपर्यंत पाणी गार आणि मी गरम. सर म्हणाले होते की उंचावर असणं हीच मोठी साठवलेली ऊर्जा. हे मी तुमच्या बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली की मग त्या ऊर्जेनं खाली जाऊन दूध घेऊन या.

पण दादा, तिच्या त्या बोलण्यानंच माझ्या डोक्यात उजेड पडला. गच्चीवर पावसाच्या पाण्याची टाकी मी आधीच बसवली होती. पाऊस नसेल तेव्हा परसातल्या हौदातलं पाणी उन्हावर चालणारा छोटा पंप दिवसभर वर चढवत असतो. म्हणजे वजन वर, फुकट, रोज. मग एका बाजूला पिंप, दुसऱ्या बाजूला खुर्ची, मधे गच्चीच्या तुळईवर भंगारातली आपली जुनी कप्पी. पिंपात पाणी सोडलं की पिंप खाली आणि खुर्ची वर. खाली पोचलेल्या पिंपाची तोटी दोरीनं ओढली की पाणी परसातल्या वाफ्यांना, आणि रिकामं पिंप वर जाताना खुर्ची खाली. ऊन पाणी वर नेणार, पाणी तुमच्या बहिणीला वर नेणार, आणि जाताजाता भाजीला पाणी देणार. मी हे कागदावर मांडलं तेव्हा माझे डोळे भरून आले. (हिचेही आले, पण ती तेव्हा कांदा चिरत होती.) तिनं एकच विचारलं, की खाली लावलेल्या लिंबाला फुलं आली का ते बघता येईल का. ते झाड तिनं रोपापासून वाढवलं आणि ते नेमकं छज्ज्याखाली येतं, वरून दिसत नाही. सात महिन्यांत तिनं स्वतःसाठी मागितलेलं एवढंच.

पहिली चाचणी अर्थात स्वतःवर करायची ठरवली. मी खाली खुर्चीत पट्टा बांधून बसायचं आणि तिनं वर बाल्कनीत, टाकीतून पिंपावर आणलेल्या नळाची तोटी सोडायची. पिंपात किती पाणी भरायचं, याचा हिशेब मी क्षणात केला. तुम्हाला वेगळं सांगायला नको, प्रत्येक लिफ्टमधे पाटी असते, सहा माणसे, चारशे आठ किलो. म्हणजे एक माणूस अडुसष्ट किलो. सदतीस वर्षं ती पाटी पुसली, स्क्रूनं घट्ट केली, लोकांना बोट ठेवून वाचायला लावली. माणूस म्हटलं की अडुसष्ट, हे माझ्या रक्तात भिनलेलं. त्यात खुर्चीचं वजन मिळवलं, वर थोडं जास्तीचं धरलं आणि पिंपावर खडूनं रेघ मारली. मी स्वतः एक्याऐंशी किलो आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. पाणी रेघेपर्यंत आलं आणि काही म्हणता काही हललं नाही. मी तसाच मंत्र्यासारखा खुर्चीत बसून राहिलो. तेव्हा तुमच्या बहिणीनं मला न विचारता स्वयंपाकघरातून दोन बादल्या आणून पिंपात ओतल्या.

आणि मी उचललो गेलो. अगदी संथ, एकही हिसका नाही. आपल्या कंपनीला कधी जमलं नसेल इतकं सुरेख. पहिला मजला मागे पडला, मी खालच्या जगाकडे हात हलवला, आणि पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मधे पिंप माझ्या शेजारी येऊन ठेपलं. त्या पिंपाला वरच्या अंगाला एक जुनं भोक होतं. मी ते चिंधीनं बुजवलं होतं (हसू नका). चिंधी निसटली, हिनं ओतलेलं तेवढं पाणी बाहेर पडलं आणि आम्ही दोघं, म्हणजे पिंप आणि मी, समसमान होऊन थांबलो. ना वर ना खाली. तोटीची दोरी माझ्यापासून दोन हातांवर लोंबत होती. पाय लांब करून पाहिला, तर चप्पल खाली पडली. माझा फोन गच्चीवर उन्हात चार्ज होत होता. तळमजल्यावरच्या टेलरचं दुकान सुट्टीमुळे बंद, तो आईला घेऊन बाहेर गेलेला, बाकी सगळे कामावर. आयुष्यभर लोकांना दोन मजल्यांच्या मधून सोडवणारा माणूस दोन मजल्यांच्या मधे, आणि तेही स्वतःच्या हातानं.

ही बाल्कनीतून डोकावली. मी अडकलोय हे तिला कळलं. मग तिनं अगदी शांतपणे मला माझंच वाक्य ऐकवलं, जे मी फोनवर हजार लोकांना ऐकवलंय, की घाबरू नका, कशाला हात लावू नका, दहा मिनिटांत माणूस पोचतो. तिनं घरातल्या फोनवरून आपल्या कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोनही केला. त्यांनीही दहा मिनिटं सांगितली.

नंतर ती बाल्कनीतून दिसेनाशी झाली. मला वाटलं, आत जाऊन बसली असेल. आणि मग जिन्याच्या खिडकीतून आवाज आला, धप्प. थोड्या वेळानं पुन्हा धप्प. दादा, ती पायरीवर बसून खाली सरकत होती. एक पायरी, मग दम, मग दुसरी. मी ओरडून सांगितलं की थांब, तर म्हणाली, तुम्ही हलू नका, नाहीतर पडाल. मी हलणार कुठे होतो. अधांतरी बसून मी तिच्या पायऱ्या मोजल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती इतका वेळ थांबली की मी मोजलेल्या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मला तिच्या चौतीस वर्षांतल्या सगळ्या खेपा आठवल्या, पिशव्या घेऊन, मूल कडेवर घेऊन, आजारी सासूला धरून. त्या मी कधी मोजल्या नव्हत्या. त्या दुपारी बेचाळीस मोजल्या, सव्वा तास लागला, आणि मी रडलो हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही.

खाली आल्यावर तिनं दोरी हातात घेतली. तोटी एकदम उघडली असती तर मी दगडासारखा आदळलो असतो. ब्रेक बसवायचा राहिलाय हे मला तेव्हाच आठवलं. तिनं थोडं पाणी सोडलं, बंद केलं, पुन्हा थोडं सोडलं, आणि मला वीतवीत करून जमिनीवर आणलं. शेवटी ब्रेकमिस्त्र्याची बहीण. सगळं पाणी लिंबाच्या आळ्यात गेलं. लिंबाला फुलं होती, आणि बोराएवढी हिरवी लिंबंही. ती झाडाखाली जी बसली ती दिवे लागेपर्यंत.

असो. पत्र लांबलं. खुशाली कळवावी एवढाच हेतू होता. वहिनींना नमस्कार, कुत्र्याला लांबून.

तुमचा,
शब्दाचा कच्चा मेहुणा

ता. क. एक छोटंसं काम होतं. खाली उतरली खरी, पण वर चढणं शक्य नाही. आठ दिवस ती टेलरच्या दुकानामागे, त्याच्या आईच्या खोलीत राहते आहे. चौघांनी खुर्चीत बसवून वर न्यायचं म्हटलं तर तयार नाही. म्हणते, दादाला दिलेला शब्द आहे, त्या लिफ्टमधूनच वर येईन. तेव्हा कंपनीतून निघताना तुम्ही घरी नेलेला तो जुना हातब्रेक, जो तुम्ही दाराला अडसर म्हणून लावता, तो घेऊन ताबडतोब या. दाराला वीट लावा.

ता. क. २. तुमच्या बहिणीचं खरं वजन मला कळणं अत्यावश्यक आहे. विचारलं तर म्हणते, पाटीवर आहे तेवढं धरा. तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला सांगेल.

ता. क. ३. कंपनीचा माणूस अजून पोचायचा आहे.

दादा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय (पेटी आता मलाच जवळ), म्हणून खाली चार ओळी मी लिहिते. वजन चौऱ्याहत्तर. त्यांना तू आल्यावरच सांग. गुडघ्यांचं तुला कळवलं नाही म्हणून रागावू नकोस. इकडे मी मजेत आहे. हे सकाळी चहा घेऊन खाली येतात, दुपारी डबा, संध्याकाळी पुन्हा डबा, मधे विसरलेलं मीठ. स्वयंपाक स्वतःच करतात, कच्चा असतो, पण समोर बसून वाढतात. काल वर जाताना दुसऱ्या मजल्यावर थांबून जिन्याच्या खिडकीतून मला विचारत होते, इतकी वर्षं तू हे कसं केलंस. ब्रेक जरूर आण. पण लिंबं पिवळी व्हायला अजून महिना आहे, त्यानंतरच आण. चौतीस वर्षं थांबले, आणखी एक महिना थांबायला माझी काही हरकत नाही.